अध्यक्षसाहेब पायी घरी गेले, त्याची हकीकत

मारेगावजवळचा तांडा,
कापसाचा हंगाम, सन १९६१

तीर्थस्वरूप धनीबाईस लहान भाऊ फुलचंदचा पाया पडून राम राम.

बाई, तुझी तब्येत कशी आहे, आपल्या जन्मदात्या याडीचे गुडघे कसे आहेत, राळेगावकडं कापूस कसा फुटला, ते कळव. इकडं सारे खुशाल, जनावरं तर फारच खुशाल. भाऊजींनी मले मागच्या बाजारीच सांगितलं होतं, का बाईले पत्र लिही. मी लगेच बसलोही, पण दौत वाळलेली. शाई आणाले मारेगावले गेलतो, तर तिथं तंबूचा सिनेमा उतरला होता आन् तंबूवाल्याले दोर ओढाले माणूस पायजे होता. दोर ओढता ओढता मी वणीले पोचलो. (शाई आणली. निळी भेटली नाही, जांभळी आहे.) म्हणून उशीर झाला, राग धरू नको. हे पत्र तुले वाचून दाखवून राह्यले त्या गुरुजींलेही राम राम. गुरुजी, याडी जवळ बसली असंल तर पुढचं जरा हळू वाचा.

तू रागानं माहेरी गेली, ते मी चूक म्हणत नाही. पण भाऊजींनी सारी जवानी पलटणीत खेचरं सांभाळण्यात घालवली, आन् तिथला कायदा एकच. आधी जनावर खाईल-पिईल, मग जवान, मग साहेब. हवालदार होऊन पेन्शनीत आले तेव्हा चाळिशीही झाली नव्हती, घरी बसून काय करतीन? वणीच्या शेटजींनी त्यांचा आवाज ऐकला आन् जिनिंगचा मॅनेजरच करून टाकलं, कारण तो आवाज सारी यंत्रं चालू असतानाही ऐकू येत होता. खुर्ची आली, पंखा आला, तुले लोक मॅनेजरीणबाई म्हणाले लागले. (मीही तिथं चार दिवस हजेरी लावली, पण कापसाच्या ढिगावर झोप फार चांगली लागते, हे शेटजींच्या ध्यानात आलं.) मग एका दुपारी कापूस भरलेल्या बैलबंड्या फाटकापुढं अडकल्या, बैल तहानेनं जीभ काढून उभे, आन् भाऊजींनी आग विझवाले भरून ठेवलेला हौद बैलांले उघडून दिला. हौद कोरडा. शेटजी म्हणे, आता आग लागली तर? भाऊजी म्हणे, बैलांचं होऊ द्या, मग हौद भरतो, तोवर तुम्ही बिडी पिऊ नका. झालं. किल्ल्या टेबलावर ठेवून घरी आले, आन् तुले सांगितलं दुसऱ्या दिवशी, तेही बैलाले ढेप चारताना.

त्यात याडी पाहुणी आली. तिच्या ताटात भाकर पडायच्या आधी गंगी शेळीपुढं पाला पडला. गंगी निवांत खाणारी. याडी रिकाम्या ताटावर बसून तिचं जेवण पाहत राह्यली, आन् मग जे बोलली ते साऱ्या तांड्यानं ऐकलं, का जावयाच्या घरी शेळीच्या मागून जेवाची पाळी आली, या घरात पुन्हा पाय ठेवीन तर नावाची मोतीबाई नाही. ती उठली, तूही उठली. जाताना तू भाऊजींले बजावलं, पक्की नोकरी लागली का कळवा, मग येईन.

तर भाऊजी नोकरीले लागले, म्हणजे पाहाले लागले. मारेगावात कापूस खरेदी-विक्रीचा नवा संघ निघाला, त्याले मॅनेजर पायजे होता. भाऊजींनी पलटणीचा कोट घातला. बिल्ले मी चिंचेनं घासले. (एक जास्तच घासला, तो आता वाचता येत नाही.) संघाच्या आवारात बंड्याच बंड्या. तेवढ्यात अध्यक्ष बाबाराव आपल्या दमणीतून उतरले, हातात छत्री, कोटाले सोन्याच्या गुंड्या. आता भाऊजींनी राम राम करावा का नाही? ते अध्यक्षांच्या बाजूनं निघून सरळ दमणीच्या एका बैलापाशी गेले. बैलाचा खांदा सुजून आलता, चांगला नारळाएवढा. भाऊजींनी जू उतरवलं.

“अरे, कोण तू? काहून सोडून राह्यला बैल?”

“हवालदार भीमसिंग. हा बैल खांदा बरा होईस्तोवर जुंपायचा नाही.”

“मंग मी घरी कसा जाऊ?”

“तुमचे तर दोन्ही पाय चांगले दिसून राह्यले, साहेब.”

बंडीवाले असे हसले का उभे बैल बुजले. अध्यक्षसाहेब छत्री उघडून पायी निघाले. छत्री धराले मी मागं धावलो, पण वाटेत एक अस्वलवाला भेटला, त्याचं अस्वल आजारी होतं, ते राहू दे.

भाऊजी घरी आले, कोट खुंटीले टांगला आन् सरळ गोठ्यात गेले. भाकरी मी थापतो. तुझी आठवण येते का, असं मी त्यांले पुसलं नाही, पण एस.टी.च्या वेळेले ते रोज रस्त्यावर जाऊन उभे राहतात. म्हणतात, टायर पाहतो.

तुझा भाऊ,
फुलचंद

ता. क. एक सांगायचं राह्यलं. नोकरी भेटली. बंडीवाल्यांनीच अध्यक्षांले घेरलं, म्हणे जो तुमच्या बैलाचा खांदा पाहते तो आमच्याही बैलाचा पाहीन, आमाले हाच मॅनेजर पायजे. अध्यक्षांनी तोंड वाकडं करून कबूल केलं. पण भाऊजी अडून बसले. म्हणे, जिनिंगची नोकरी धनीले न पुसता सोडली, ही तिले पुसल्याबिगर धरत नाही. अध्यक्षांनी पुढच्या बाजारापर्यंत मुदत दिली. तो बाजार उद्याच आहे. तवा हो का नाही ते एस.टी.च्या डायवरापाशी सांगून धाड.

आणखी एक. खरं सांगू का, तू स्वतःच ये. पहाटे जनावरांले पाणी पाजायची ड्यूटी भाऊजींनी मले लावली आहे, शिट्टी वाजवून उठवतात. तंबू आता पुसदले जाऊन राह्यला आन् माझ्याबिगर त्यांचे दोर ढिले पडतात.

थांब बाई, अंगणात कोणी आलं. अरे, ही तर याडी! काठी आपटत सरळ घरात आली, आन् साऱ्या तांड्याले ऐकू जाईल असं बोलून राह्यली, का राळेगावभर एकच गोष्ट चालू आहे, जावयानं अध्यक्षाले पायी धाडलं, मंग मी शेळीमागून जेवली त्यात माझं काय गेलं, मी तर अध्यक्षाच्या बरोबरीची झाली! तिच्या मागं भाऊजी येऊन राह्यले, डोक्यावर तुझी हिरवी ट्रंक. त्यांच्या मागं कोण आहे ते धुळीत दिसत नाही, पण भाऊजी मागं वळून वळून बोलून राह्यले, हसून राह्यले. असे हसून ते एरवी बैलांशीच बोलतात, आन् बैल तर सारे गोठ्यात आहेत.