गुडघ्यावरचा हात

सोमवार, तिन्हीसांजा

माझी नात प्रिया सांगलीत दिव्यांगांना दाखले, पेन्शन मिळवून देते. लय कौतुक हाय मला तिचं, गावभर सांगत फिरते. आणि आज तिच्याच कामावर मी पाणी ओतलं.

शेजारची शालन पोलिओच्या पायानं चालते, गुडघ्यावर हात दाबून. आईमागं एकटी राहिलीय, पेन्शन मिळाली तर तेवढाच आधार होता. दाखल्याच्या तपासणीला प्रियाबरोबर मीही हौसेनं गेले. डॉक्टरांच्या दारातच शालनला म्हणाले, "तो हात काढ गं. मोठ्या माणसापुढं नीट चालावं." जसं काय मुलगी दाखवायला नेली होती! पोरगी दात आवळून आठ पावलं चालली. डॉक्टरांनी पस्तीस टक्के अपंगत्व लिहिलं. पेन्शनीला चाळीस लागतात.

प्रिया मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाली, "आज्जी, रोजच्यासारखं चालू द्यायचं होतंस." ओरडली असती तर बरं झालं असतं. पुन्हा अर्ज करायचा म्हणे, कवा बोलावतील कोण जाणे. काय बिघडत होतं माझं त्या हातानं?

एसटीत शालन खुशीत. "काकू, जन्मात पहिल्यांदा बिनहाताची चालले! बरी चालले न्हवं?"

"व्हय गं," म्हणाले.

टक्क्यांचं तिला अजून ठाऊक न्हाई. सकाळी मलाच सांगायचंय.