मालकाच्या हातचं हळदकुंकू

सागबन बंगला, नेरडीगोंडा
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. राजकुमार,

तुला, रुपाला आणि लेकरांना ताईचे भरभरून आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण पायऱ्या चढू देतो. फोनवर अवघड विषय निघाला की तुला नेमका माझा आवाज येईनासा होतो, म्हणून हे पत्र.

बंगला दाखवायचा म्हणून तू सांगितलंस तशी सगळी तयारी केली. बाबांनी जहागीरदाराच्या वारसांकडून केवढ्या हौसेनं घेतलेलं घर! खोल्या झाडल्या, व्हरांड्यातले खांब पुसले, पितळी कड्या चिंचेनं घासल्या. विकायला माझी ना नव्हतीच. एवढ्या घरात एकटीनं राहायचं म्हणजे संध्याकाळभर आपणच दिवे लावायचे आणि आपणच मालवत फिरायचं.

तुझे ते पंकजशेठ आले. घर घेणारा माणूस काय विचारतो? विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का, छत गळतं का, देवघर कुठल्या दिशेला. यांनी चहासुद्धा अंगणात उभ्याउभ्या घेतला. मी दिवाणखान्याचं दार उघडून धरलं, तर म्हणाले, "अंदर बाद में देखेंगे, बहनजी." आणि थेट बनात. एकेका सागाला कवेत घेऊन बुंधा किती भरतो ते बघत होते. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. मागच्या फाटकाची कडी आधी वर उचलावी लागते, हेही त्यांना न सांगता माहीत. तुला फोन केला तर म्हणालास, "ताई, तुला जिकडंतिकडं चोरच दिसतात." मग मीच मनाला दटावलं.

काल सकाळी बनातून माणसांचे आवाज आले म्हणून गेले. चंपत आणि त्याचे लाकूडतोडे कुऱ्हाडींना धार लावत बसलेले. सगळ्यात थोरल्या सागाला हळदकुंकू, बुडाशी फोडलेला नारळ. मालकानं आपल्या हातानं पूजा करून झाडाची माफी मागितल्याशिवाय इकडचा माणूस कुऱ्हाड उचलत नाही, हे तुला मी काय सांगू?

"काऊन रे चंपत, पूजा कोणी केली?"

"मालकानं केली ना, बाई. काल आले होते, मांगच्या फाटकातून. आमी समजलो तुमाले मालूम हाय. नाक तं तुमच्यासारखंच हाय त्याइचं."

राजकुमार, चोरी केलीस तीही शास्त्र सांभाळून! आधी मला हसू आलं. मग तिथंच बसून रडले. म्हणजे मला कागदावर दाखवलंस घर, आणि माझ्या पाठीमागे विकलंस बन. अर्धं माझं असलेलं बन.

पण त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. त्या सागापासून स्वयंपाकघर हाकेच्या अंतरावर आहे. परवा मी भाकरी थापत होते. तू आलास, नारळ फोडलास आणि बहिणीला न भेटता निघून गेलास. पाणीसुद्धा मागितलं नाहीस रे.

चंपतला मी एवढंच सांगितलं, की या बनाचे मालक दोन आहेत. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

"मंग एकाच्या पूजेनं नाही जमत, बाई. दोघायचा हात लागा लागते. आमाले पाप कायले?"

सगळे उठून गेले. पंकजशेठचा फोन तुला आलाच असेल.

गुरुवारी मी रजिस्ट्रीला येणार नाही. तूच ये, पुढच्या दारानं, आणि जेवून जा. तुझी काय नड होती ते मला अजून माहीत नाही. समोर बसून म्हणाला असतास, "ताई, अडलंय गं," तर हळदकुंकवाचं ताट घेऊन मीच तुझ्या शेजारी उभी राहिले असते.

आता माझा हात लागणार नाही. झाडाला नाही, आणि कागदालाही नाही.

चुकवून गेलास तरी तुझीच,
रंजीताताई