चार निबंधांतून गाळलेलं नाव

प्रिय म्हात्रे सर,

काल स्टाफरूममध्ये तुमची शोकसभा झाली. विभागप्रमुख म्हणून मी पाच मिनिटं छान बोलले. बाहेर पडताना तुमच्या शेवटच्या वर्गातल्या नाझनीनने गाठलं. "मॅडम, तुमच्या शोधनिबंधातल्या त्या तिसऱ्या, खाडीतल्या शिंपल्या, आम्हीच मोजल्या होत्या ना, सरांबरोबर?" मी म्हटलं, "हो, सरांची मदत झाली." मदत! तेव्हापासून अन्न गोड लागत नाही, म्हणून लिहितेय.

मुरुडच्या खाडीत बावीस वर्षं तुम्ही शिंपल्यांच्या नोंदी ठेवल्यात, दरवर्षी नवी पोरं घेऊन. एके वर्षी त्यांत मीही होते. निवृत्तीच्या वर्षी, माझ्या बढतीला निबंध कमी पडताहेत हे कळल्यावर, तुम्ही वह्यांचा गठ्ठाच पुढे सरकवलात. "घे गं मीनल, माझ्याकडे पडूनच आहेत."

मी एकाच कामाचे चार तुकडे करून चार निबंध छापले. तुमचं नाव का नाही घातलं? दोन नावं आली की बढतीचे गुण वाटले जातात, सर. एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

आणि त्याच वर्षी, विभागप्रमुख म्हणून, तुमच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर गुण मीच दिले! संशोधनाच्या रकान्यात शून्य लिहिताना मला काहीच कसं वाटलं नाही? चिखलात उभं राहून शिकवण्याला त्या फॉर्मात जागाच नव्हती. तुम्ही होतात त्याच पदावरून निवृत्त झालात.

तुमच्यानंतर खाडीचा तास मी वेळापत्रकात बसवला, मंगळवारी अकराला. पोरांना घेऊन गेले तर पाणी काठापर्यंत! जाळं सांधत बसलेली मावशी हसली. "बाई, आता भरती हाय. सर कंदी असं येत नव्हते. त्यांना इचारलं न्हाय?" नाही विचारलं. फोटो काढले, अहवालात 'क्षेत्रभेट पूर्ण' लिहिलं.

तुम्ही कधी भांडला नाहीत, याचा मला रागही येतो. एकदा तरी झापायचं होतंत!

गुरुवारी प्राध्यापकपदाची मुलाखत आहे. आज सकाळी चारही नियतकालिकांना कळवलं, की नोंदी म्हात्रे सरांच्या आहेत, त्यांचं नाव लावा. ते निबंध मुलाखतीच्या फायलीतून काढलेत. माझं स्वतःचं काय उरलंय, ते उघडून पाहायची भीती वाटते. पण शब्द देते सर, तीच फाईल घेऊन जाईन, आणि इतकंच का असं विचारलं तर खरं कारण सांगेन.

तुमची विद्यार्थिनी,
मीनल