कलशातली पिकअप

बरकतपुरा, हैदराबाद
भाद्रपद वद्य पंचमी, १९९६

प्रिय वंदना,

तुझे पत्र, त्यात घातलेले पुण्याचे तिकीट आणि तू पाठवलेले प्रतापराव नावाचे गृहस्थ, तिन्ही एकाच आठवड्यात दारी आले. प्रतापरावांविषयी सविस्तर लिहितो. पण त्याआधी तुझ्या श्रीकांतकाकाविषयी लिहिल्यावाचून माझे चित्त स्थिर व्हायचे नाही. पितृपक्षात कुणाविषयी कटू बोलू नये असा माझा नेम आहे. श्रीकांतच्या कृपेने तो रोज स्नानापूर्वीच मोडतो.

अंगणाची अवस्था तू पाहिलेली नाहीस ते बरे. मधोमध ती पिकअप, तिचे बॉनेट उघडे, भोवती गोणपाटांवर लोखंडाचे तुकडे मांडलेले. तुळस हलवून न्हाणीघराच्या भिंतीशी नेली आहे. तिथे ऊन पोहोचत नाही. सोवळे वाळत घातले की त्यावर ग्रीसची बोटे उमटतात. परवा अभिषेकाला बसलो तर ताम्हन सापडेना. शोधता शोधता ते पिकअपखाली दिसले. त्यात रॉकेल ओतून या महापुरुषाने बोल्ट भिजत घातले होते. मी जाब विचारला, तेव्हा म्हणाला की तांबे शुद्ध असते असे मीच त्याला शिकवले आहे. बसच्या कार्यशाळेत उभी हयात घालवलेला, जन्मात गायत्री न जपलेला हा माणूस मला शुद्धाशुद्ध सांगतो.

ही पिकअप तुझ्या आजोबांची. वकिलीच्या जोडीला त्यांनी द्राक्षांचा मळा केला, तेव्हा घेतलेली. पहाटे अनाबेशाहीच्या टोपल्या भरून ती मोअज्जमजाही मार्केटकडे निघे. मी परीक्षेचे संस्कृत घोकत मागे टोपल्यांमध्ये बसे, आणि लहानगा श्रीकांत पुढे आजोबांच्या मांडीवर बसून गाडी आपणच चालवतो आहोत अशा थाटात रस्त्यावरच्या लोकांना दटावी. पुढे आजोबा गेले, मळा विकला, आणि पिकअप नव्या मालकाच्या छपराखाली गंजत पडली. तिची आठवणही कुणाला राहिली नव्हती. तुझ्या आईचे वर्षश्राद्ध झाले त्याच्या पुढच्याच महिन्यात श्रीकांतने ती बैलगाडीला बांधून घरी ओढून आणली.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. पहिला बोल्ट काढण्याआधी हा माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, देवळाचा जीर्णोद्धार करताना मूर्तीतले देवत्व कलशात उतरवून ठेवतात ना, मग वडिलांच्या वाहनाचे काय? तुझी आई गेल्यापासून मला शास्त्रातले काही विचारणारे घरात कुणी उरले नव्हते. मी दोन दिवस पोथ्या चाळल्या. हा विधी मूर्तीचा. पण ज्या वाहनाची आजोबांनी दर खंडेनवमीला पूजा केली त्यात काहीच वसत नाही असे म्हणायला माझे मन धजेना. मी यथासांग कलश मांडला आणि संकल्प सोडला की गाडी पूर्ववत होऊन पुनःप्रतिष्ठा होईपर्यंत याची नित्यपूजा चुकणार नाही. तेव्हा श्रीकांत म्हणाला होता की पावसाळ्याआधी गाडी उभी करतो. तो पावसाळा येऊन गेला, त्याच्या मागून पुष्कळ पावसाळे गेले. कलश देवघरात आहे आणि मी त्याच्यापुढे आहे.

कलशाला एक दिवस उपाशी ठेवता येत नाही, म्हणून मला एक रात्र घराबाहेर काढता येत नाही. तुमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मी आलो नाही. केदारच्या मुंजीला आलो नाही. मातामहावाचून नातवाची मुंज झाली, आणि तू फोनचा रिसीव्हर आपटून ठेवलास, तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. त्या वेळी मी श्रीकांतला विनवले की चार दिवस तू गंधफूल वाहा, दुधाचा नैवेद्य दाखव. तर हा गंभीर मुद्रेने विचारतो, ‘दादा, श्रद्धा नसलेल्याने केलेली पूजा चालते का?’ चालत नाही, हे मीच त्याला वर्षानुवर्षे ऐकवत आलो होतो.

सबबींचा त्याच्याकडे तोटा नाही. पूर्वी म्हणे, विलायती पुर्जा, सरकार येऊ देत नाही. पुढे सरकारने दारे उघडली, आबिद्सच्या दुकानांत परदेशी साबणापासून दूरचित्रवाणी संचापर्यंत सगळे येऊन पडले, रस्त्यावर रोज नव्या बांधणीची मोटार दिसू लागली. मी म्हटले, आता तरी? तर म्हणतो, आता सगळे नवे येते, म्हणून जुन्याचे पुर्जे कुणी ठेवत नाही. बंद दारानेही अडतो आणि उघड्या दारानेही. मग कापडी पिशवी घेऊन गौलीगुड्याच्या भंगारवाल्यांकडे जातो आणि संध्याकाळी तोंड पाडून परत येतो.

तुझे प्रतापराव आले ते मंगळवारी सकाळी. मी देवळातून नुकताच परतलो होतो, श्रीकांत गौलीगुड्याला गेला होता. बंजारा हिल्सवर त्यांचे हॉटेल उभे राहते आहे. दर्शनी भागी जुने वाहन ठेवायचे, त्याभोवती कारंजे खेळवायचे, असा त्यांचा मानस. गाडी विकली जाईल, बाबा मोकळे होतील, हा तुझा हिशेब मला कळला. त्यांनी सोबत आपला मिस्त्री आणला होता. त्याने वाकून इंजिनावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. म्हणाला, ‘ये तो गरम है साब. अब्बीच कोई चलाके लाया दिखता.’ मग त्याने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फेरीत सुरू झाली, वंदना. आजोबांच्या वेळी इतकी सुरळीत कधी चालल्याचे मला आठवत नाही.

आवाज ऐकून शेजारच्या मंगलाबाई गच्चीवर आल्या. मला थक्क होऊन उभा राहिलेला पाहून त्यांनाच नवल वाटले. वर्षापेक्षा जास्त काळ झाला म्हणे. मी देवळात गेलो की श्रीकांतभाऊजी रोज स्टेशनापर्यंत चक्कर मारून आणतात, आणि मी यायच्या आत पुन्हा बॉनेट उघडून गोणपाट पसरतात. प्रतापराव तर जागच्या जागी सौदा करायला निघाले. मी सांगितले, काम अपुरे आहे. ते हसून म्हणाले, गाडी तर चालू आहे. मी त्यांना चहा दिला आणि निरोप दिला.

मग देवघरात बसलो आणि एकेक गोष्ट जुळत गेली. तुझी आई गेल्यावर मला कायमचे पुण्याला नेण्याविषयी तू श्रीकांतला पत्र लिहिलेस. ते आले आणि महिन्याच्या आत हा मळ्यावरून ती गाडी ओढून घेऊन आला. लग्न केले नाही, मित्र एकेक करून गेले, घरात बोलायला मी एकटा. आणि मला घरात खिळवून ठेवील असा एकच खिळा त्याला ठाऊक होता, तो माझ्याच पोथीतून काढून त्याने ठोकला. मला इतका संताप आला की संध्यावंदनात दोनदा चुकलो. दुपारी तो आला, रिकामी पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाला, ‘नक्को विचारूस दादा, सगळं गौलीगुडा पालथं घातलं. आता कोइंबतूरहून मागवावं लागेल.’ बोलायचे सगळे माझ्या ओठांवर आले होते. मी म्हणालो, ‘मागव. घाई नाही.’ त्याने न्हाणीघरात जाऊन हातपाय धुतले. मग जेवायला बसला आणि भात मागून मागून जेवला.

तेव्हा हे पत्र लिहिण्याचे कारण. तिकीट सोबत परत पाठवतो आहे. माझ्यासाठी राखलेली खोली केदारला दे, त्याच्या अभ्यासाला होईल. दिवाळीच्या सुट्टीत त्याला इकडे पाठव, मला त्याला पाहायचे आहे. एक विनंती मात्र कटाक्षाने पाळ. श्रीकांतला दर महिन्याला लिहितेस तसे रागाचे पत्र लिहीत राहा, गाडी केव्हा पुरी करणार म्हणून खडसावत राहा. तू लिहायची थांबलीस तर मला कळले आहे हे त्याच्या ध्यानात येईल, आणि या वयात त्याला ओशाळवाणे करण्याची माझी इच्छा नाही. गाडी चालते हे ठाऊक असताना कलशापुढे संकल्प पुढे चालवणे शास्त्राला मान्य आहे की नाही, हे मी या खेपेस पाहिलेले नाही, पाहणारही नाही. राग मात्र ओसरत नाही. एवढा खटाटोप केला, देवाला कामाला लावले, मला आठ वर्षे फसवले. पण ‘दादा, जाऊ नकोस’ एवढे तीन शब्द या माणसाच्या तोंडून निघाले नाहीत.

तुझाच, बरकतपुऱ्यातच राहणारा,
बाबा