गार्गीच्या मापाची रायफल

मी, निशिकांत वामन आगटे, वय त्रेसष्ट, तुआसमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला टूलरूम इंजिनिअर, राहणार क्लेमेंटी, सिंगापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि शुद्धीत राहून लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात नोव्हेनाच्या रुग्णालयात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. 'शुद्धीत' हा शब्द वकीलबाईंनी आवर्जून घालायला सांगितला. आयुष्यातली सर्वांत मोठी चूकही मी पूर्ण शुद्धीत, तक्ते मांडून केली, त्यामुळे मला त्या शब्दाचं फारसं कौतुक नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. क्लेमेंटीचा फ्लॅट पत्नी सुलेखा आणि मी अशा दोघांच्या नावे आहे. तो तिच्याकडेच जाईल. सीपीएफचं, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीचं, नॉमिनेशन वेगळं केलेलं आहे. इतर जे काही माझ्या नावावर असेल तेही सुलेखाचं, आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. स्टोअररूममधली माझी खोकी फेकून देण्याचा तिचा वीस वर्षांचा संकल्प आता तिने खुशाल पुरा करावा.

२. मायक्रोमीटर, व्हर्निअर आणि डायल गेज माझ्या जुन्या टूलरूमला द्यावेत. ते वापरावेत, काचेच्या कपाटात मांडून ठेवू नयेत.

३. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ग्रॅहम नावाच्या बंदुका बनवणाऱ्या कारागिराच्या तिजोरीत माझी एक शिकारीची रायफल आहे. इथे ती घरात ठेवता येत नाही. माझी मुलगी गार्गी हिच्यासाठी, तिची मापं घेऊन ती करवून घेतली. गार्गी ज्युनिअर कॉलेजच्या संघात एअर रायफल चालवायची. नेम धरताना ती श्वास असा रोखायची की बघणारे आम्हीच गुदमरायचो. सतराव्या वर्षी तिला न्यूझीलंडला हरणाच्या शिकारीला न्यायचं ठरलं. तिच्या हाताच्या लांबीचा दस्ता झाला, वजन डोंगर चढताना तिला पेलेल इतकंच ठेवलं. राहिलं काडतूस. ते ठरल्याशिवाय नळीत त्याचं घर कोरता येत नाही.

ग्रॅहमने सौम्य धक्क्याचं सेव्हन एमएम झिरो-एट सुचवलं. गार्गीही म्हणाली, "बाबा, लहानवालं घेऊया ना." मी चारशे मीटरवर गोळीत किती जोर उरतो ते मांडलं, वाऱ्याने ती किती सरकते ते मांडलं, आणि थ्री हंड्रेड मॅग्नम हे दांडगं काडतूस ठरवलं. पुढेमागे मोठं जनावर मारायचं झालं तर दुसरी रायफल नको, असा माझा विचार. ते मोठं जनावर माझ्या मनातलं होतं, आणि दस्ता तिच्या खांद्याला लागणार होता. हलक्या रायफलीत जड काडतूस घातलं की धक्का कुठे जातो, हे मी शिकाऊ कामगारांनाही सांगू शकलो असतो.

हरीण नव्वद मीटरवर उभं होतं. गार्गीने चाप ओढला, रायफलीवरच्या दुर्बिणीची कड भुवईत घुसली आणि रक्त डोळ्यात उतरलं. गोळी हरणाच्या पोटात लागली. ते झाडीत गेलं, आणि सगळी दुपार शोधूनही सापडलं नाही. मी तिला म्हणालो, "दस्ता खांद्याला घट्ट लावायला हवा होतास." तेव्हा तिला टाकेही पडायचे होते.

सिंगापूरला परतल्यावर साध्या एअर रायफलीचा चाप ओढतानाही तिचे डोळे मिटायला लागले. संघातून नाव गेलं. तिने पुन्हा बंदूक हातात घेतली नाही, आणि माझ्याशी हवापाण्याच्या गप्पांपलीकडे बोलली नाही. बारा वर्षं मी लोकांना सांगत आलो की तिला आवड राहिली नाही. ते खोटं आहे. तिची आवड मी घालवली, आणि याचं मला अतोनात दुःख आहे.

ही रायफल मी गार्गीला देत आहे. काडतूस तिने निवडावं. त्यासाठी नळी आणि तिच्यामागचा बोल्ट दोन्ही बदलून द्यायला ग्रॅहम तयार आहे.

४. काडतुसांच्या तक्त्यांची निळी वही मित्र प्रबोध याला द्यावी. "घ्यायचंच तर दांडगं घे," म्हणून मला भरीस घालणारा तो. भरीस पडलो मी, तेव्हा त्याच्यावरचा राग सोडला आहे, बराचसा. वहीत अठरा रकाने आहेत. रायफल चालवणाऱ्याच्या वजनाचा रकाना नाही, हे त्याने पाहून घ्यावं.

५. वरचं काल लिहिलं. आज गार्गी तांजोंग पगारहून ऑफिस सुटल्यावर आली, आणि जेवणाच्या टेबलाशी बसून तिने हे सगळं वाचलं. मग म्हणाली, "साक्षीदार कोण?"

मी सांगितलं, शेजारचे धम्मानंद येतायत, दुसरा अजून ठरायचाय.

"मी करते साइन."

मी तिला समजावलं की इथल्या कायद्याने साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. सही केलीस तर रायफल तुझी होणार नाही.

"आय नो, बाबा. म्हणूनच करतेय, लाह," ती सिंगापुरी धाटणीत म्हणाली. "मला ती नकोय."

"मग तिचं काय करू?" मी विचारलं. रायफलीबद्दल तिला काही विचारायची ही माझी पहिलीच वेळ.

तिने कलम तीन पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "लहानवालं बसवा. पहिल्यांदा शिकारीला येईल त्याला ग्रॅहमने वापरायला द्यावी."

तसंच करावं. गार्गी सही करतेय, त्यामुळे रायफल आता याच अटीवर ग्रॅहमची. कलम तीन निरुपयोगी झालं, तर ते खोडू का, असं मी तिला विचारलं.

"नको, राहू दे," ती म्हणाली. "मला तेवढं लिहिलेलंच हवंय."

कलम तीन खोडलेलं नाही.

स्थळ: क्लेमेंटी, सिंगापूर
दिनांक: १२ मार्च २०२५

(सही) निशिकांत वामन आगटे

आम्हा दोघांच्या समोर त्यांनी सही केली, आणि त्यांच्या समोर आम्ही:

साक्षीदार १. (सही) धम्मानंद शेंडे, शेजारी
साक्षीदार २. (सही) गार्गी निशिकांत आगटे, मुलगी