पेटिग्रूदादाची सही

५ मार्च, सकाळ
टोलीडोच्या अमेरिकन फुटबॉल संघाची पुनर्बांधणी आतून बघणारा माणूस मीच, तेव्हा नोंद हवी. गेल्या मोसमात जिंकलो दोन सामने. मॅनेजर गेला, कोच गेला, नवे आले. आता सगळं आमच्या खोलीवर. खोलीत दोघं: स्टुकी आणि मी. लीगनं प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा घातलीय. महागडे म्हातारे काढायचे, तिच्यात जागा करायची, तरणे आणायचे. स्टुकी आकडे बघतो, मी माणसं. कॉफीही मीच आणतो, पण ते तात्पुरतं.
संकल्प: अलास्कातलं मासळीचं काम सोडलं, कोलोरॅडोतलं छपरांचं सोडलं. हे सोडायचं नाही. नियमांचं पुस्तक पूर्ण वाचायचं.

९ मार्च
पुस्तक जड आहे. प्रस्तावना झाली.
ऑर्विल पेटिग्रू, वय तेहतीस. चेंडू फेकणाऱ्या आमच्या क्वार्टरबॅकच्या पुढे उभा राहून नऊ मोसम मार खातोय. स्टुकी म्हणाला, निम्म्या पगारावर राहतो का विचार, नाहीतर बुधवारी मोकळा करू. मलाच पाठवतोय, कारण दादाचं माझ्याशी जमतं. जिममध्ये टॉवेल मी देतो त्याला.

१० मार्च
दादाच्या घरी जेवलो. मक्याचा ब्रेड उत्तम. त्याची बायको रोनेल म्हणाली, एजंट सांगतोय, मोकळा झालास तर याच आठवड्यात दुसरीकडे पूर्ण पगारावर लागशील. मार्चात सगळ्या संघांच्या खिशात पैसा असतो. पण मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष यायचंय. दादाला इथंच एक मोसम खेळून थांबायचंय. त्यानं एवढंच विचारलं, "लेका, सही केली तर ठेवतील ना?"
मी म्हणालो, "दादा, निम्म्या पगारातला माणूस कोण काढतो?"
साधं गणित. स्टुकीला कशाला विचारायचं? एजंट फोनवर, काढलं तरी पगार मिळेल अशी हमी लिहून घे म्हणून ओरडत होता. दादा त्याला म्हणाला, पोरानं शब्द दिलाय.
सही झाली.

१५ मार्च, रविवार
हमीचं कलम आज वाचणार होतो. शेजारी जुनी होडी विकत होता. घेतली. नदीवर गेलो. गळते.

२४ एप्रिल
नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच फेरीत आयोवाचा एक पहाडासारखा पोरगा उचलला. खेळतो दादाच्याच जागेवर. दादाचा फोन: "लेका, हे काय?" मी म्हणालो, तुम्हाला मदतनीस दिलाय. मग म्हणाला, बरं.

१२ जून
दादा त्या पोराला रोज शिकवतो. पाय कसे टाकायचे, हात कुठे. स्टुकी म्हणाला, छान शिकवतोय, सरावाचा कॅम्प संपेपर्यंत राहू दे. 'राहू दे' ऐकून बरं वाटलं.
नव्या मॅनेजरला दादाबद्दल स्पष्ट विचारायचं ठरवलं. लिफ्टमध्ये भेटलाही. होडीचा विषय निघाला.

२९ ऑगस्ट, सकाळ
बढती! आज मोसमाआधी खेळाडूंची यादी छाटायची. काढलेल्याला लॉकर रूममधून बोलावून आणायचं: "कोचनी बोलावलंय, टॅब्लेट घेऊन या." संघाचे डावपेच त्या टॅब्लेटमध्ये, तो परत घ्यायचा. स्टुकी म्हणाला, माणसं तू बघतोस ना?

दुपार
यादीत दादा. स्टुकीला म्हणालो, तो तर निम्म्या पगारात आहे. म्हणाला, "म्हणून तर. हमी नाही, काढायला काही पडत नाही. जुन्या बोनसचा मर्यादेवरचा बोजाही जूननंतर बराचसा पुढच्या वर्षावर जातो. मार्चात काढला असता तर सगळा यंदाच बसला असता." मी विचारलं, दुसरे संघ? "आता कुणाकडे जागा असते बाबा?"
हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.
मी आत गेलो तसे सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. दादा आयोवाच्या पोराच्या मनगटाला पट्टी बांधत होता. मी वाक्य म्हणालो. तो म्हणाला, "थांब, एवढं होऊ दे." नीट बांधली, दातानं तोडली. पोरगा रडवेला झाला. दादानं त्याच्या डोक्यावर टपली मारली, म्हणाला, "डावा पाय फार बाहेर टाकू नकोस."
जिन्यात मला विचारलं, "रोनेलला तू सांगतोस?"
मी म्हणालो, दादा, माझी अजून अर्धी यादी राहिलीय.

३० ऑगस्ट
स्टुकी खूश. पुढच्या वर्षीही हे काम माझ्याकडेच. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही. जबाबदारीच्या माणसापासून लोक अंतर ठेवतात.
दादाला दिवसभर फोन लावतोय. उचलत नाही. बहुधा दुसऱ्या एखाद्या संघाशी बोलणं चाललं असेल.