एकतिसाव्या पानावरचं तळं

२६ जुलै

प्रिय कर्ट,

पत्राच्या वर ‘प्रिय’ लिहितात म्हणून लिहिलं. या घडीला तू मला फारसा प्रिय नाहीस, आणि हे वाचून झालं की मीही तुला नसेन. फोन केला असता, पण फोनवर तू ‘ऐक ना रोंडा, ऐक ना’ करत मला मध्येच तोडतोस आणि वर हसतोस. कागदाला तोडता येत नाही. माझं शिक्षण आठवीचं, तेव्हा चुका काढत बसू नकोस. काढायच्याच असतील तर तुझ्या पुस्तकात काढ, ते छापलेलं आहे.

‘बावन्न सोपी तळी’. बावन्न का रे? आठवड्याला एक, असं तू पहिल्याच पानावर लिहिलंयस. जानेवारीत लोकांनी काय बर्फ फोडायला कुऱ्हाड घेऊन जायचं? आपली वरची तळी जुलैत उघडतात आणि सप्टेंबरात मिटतात, हे तुला सातव्या वर्षी ठाऊक होतं. डेन्व्हरला जाऊन विसरलास. आणि ‘सोपं’ कशाला म्हणायचं ते तू नकाशावर पट्टी ठेवून ठरवलंस असं दिसतंय. दोन मैल आहे, म्हणून सोपं. मैल चालत नसतात बाबा, पाय चालतात. मी सव्वीस वर्षं या पायथ्याच्या दुकानात गांडुळं, गळ आणि परवाने विकतेय. माणूस आत आला की आधी त्याच्या बुटांकडे बघते आणि मग सांगते त्याला कुठलं तळं झेपेल ते. चार मैलांचं पण सपाट असलेलं तळं मी आजीबाईंना सांगेन, दीड मैलाचं दगडांवरून चढायचं तळं पोलिसालासुद्धा सांगणार नाही. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी गुडघ्याच्या वर येतो, कारण वरचं बर्फ दिवसभर वितळतं. एक वाजला की विजा. ज्याला ट्राउट मासा हवा त्याने साताला गळ टाकावा आणि बाराला खाली असावं. यातलं एक अक्षर तुझ्या पुस्तकात नाही. बदकांचे फोटो मात्र नऊ आहेत, मोजले मी.

एकोणिसावं तळं घे. तीन वर्षांपूर्वीच्या कडक थंडीत त्यातले सगळे मासे बर्फाखाली गुदमरून मेले. उथळ तळ्यांचं तसंच होतं. आता तिथे चतुर आणि बेडूक. लोक तुझं पुस्तक घेऊन जातात, दिवसभर गळ फेकतात आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन विचारतात, आमचं काय चुकलं. मी काय सांगू? माझा भाऊ चुकला?

सांगितलं एकदा. जुलैच्या सुरुवातीला एक नवराबायको आले होते, साठीचे. त्याच्या खुब्यात नवा सांधा बसवलेला, हातात काठी. एकतिसाव्या पानावरच्या तळ्यावर गेले, आपल्या केटल तळ्यावर. सकाळी दुकान बंद होतं, नाहीतर मी जाऊ दिलं नसतं. ओढ्यापलीकडच्या दगडांच्या चढावर तो अर्ध्यात अडकला. वरही जाता येईना, खालीही येता येईना, आणि वरून गारा. चार वाजता भिजून, थरथरत खाली आले. बाईने तुझं पुस्तक माझ्या काउंटरवर ठेवलं, तुझ्या फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, हा माणूस कधी तिथे गेलाय का? मी म्हटलं, गेलाय, पाच वर्षांचा असताना. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

आता खरं ऐक. आईला तू ते पुस्तक पाठवलंस, आत लिहिलंस, ‘आईला, पान ३१ आपलं तळं’. आपलं? तुझं एकाच दिवसाचं, नंतर तू ट्रकपाशीच खेळायचास; बाकी माझं आणि बाबांचं. आईने ते तळं जन्मात बघितलेलं नाही. दर उन्हाळ्यात, दर रविवारी, बाबा ट्रकचं दार लावताना म्हणायचे, आर्डिथ, तुझ्याने नाही व्हायचं ते, तू बैस. आणि ती बसायची. मांडीवर विणकाम, बाजूला तवा, डब्यात मक्याचं पीठ. आम्ही खाली आलो की ती मासे साफ करायची, पिठात घोळवून तळायची, आपण बोटं चाटत तळ्याच्या गप्पा मारायचो आणि ती ऐकायची. आतमध्ये कसलं पाणी आहे, काठावर कसली फुलं आहेत, ते तिने आपल्या तोंडून ऐकलंय. मासे तेवढे हाताने उघडलेत, काही हजार.

ते पान तिने भिंग लावून वाचलं. तू लिहिलंस: ‘अगदी सोपी वाट. मी पाच वर्षांचा असताना स्वतःच्या पायांनी गेलो. लहान मुलं आणि वयस्कर मंडळी सहज जातील.’ तिने दोनदा वाचलं, भिंग खाली ठेवलं आणि मला म्हणाली, ‘‘तुझा बाप जन्मभर माझ्याशी खोटं बोलला.’’

कर्ट, बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षं ती रोज त्यांच्या खुर्चीवरची धूळ पुसायची. त्या दिवसापासून पुसत नाही. फोटो उचलून कपाटात ठेवला, तोंड भिंतीकडे. काय तर, पाच वर्षांचं पोर जातं तिथे मला नेलं नाही, रविवारी मी नको होते म्हणून. आणि तेव्हापासून त्यांचे बूट घालून, पुढे मोजे कोंबून, ती रोज पत्रपेटीपर्यंत चार फेऱ्या मारतेय. एक्याऐंशी वर्षांची बाई. ऑगस्टात मी एकटी जाणार, म्हणते. नदीवरचा डेल आपलं खेचर द्यायला तयार आहे, पण खेचर ओढ्यापर्यंतच जातं. त्या दगडांवर खूर ठरत नाही, तुला माहीत असायला हवं. तुला माहीत नाही, आणि का नाही, ते मी आज सांगणार आहे.

तो दिवस तुझ्या डोक्यात जसा आहे तसा तो नव्हता. बाबा तेव्हा मत्स्यबीज केंद्रात होते. त्या तळ्यात मासे नव्हते, ते सोडायला आपण निघालो होतो. बाबांच्या पाठीवर दुधाचा कॅन, त्यात ट्राउटची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, नुसते डोळेच दिसणारी. पाणी तापायच्या आत वर पोचायचं, थांबायचं नाही, कारण कॅन हलत राहिला तरच पाण्यात हवा राहते. ओढ्याशी तू बसलास. पाय दुखतात, घरी जायचं, आई पाहिजे. बाबांना तुला उचलता येईना, मासे मेले असते. म्हणून मी उचललं. बारा वर्षांची होते मी. तो सगळा दगडांचा चढ तू माझ्या पाठीवर चढलास, आणि त्यातला अर्धा झोपून, माझ्या मानेवर लाळ गाळत. शेवटच्या मोठ्या खडकाआड बाबा म्हणाले, इथे उतरव त्याला, शेवटचं स्वतः जाऊ दे. मी उतरवलं. तू डोळे चोळलेस, पाणी दिसलं आणि धावत सुटलास. बाबा हसून मला म्हणाले, ‘‘रोंडा, त्याला सांगू नकोस. वाटू दे त्याला.’’

खाली आल्यावर बाबांनी ट्रकपाशी सगळ्यांना सांगितलं, माझा पाच वर्षांचा पोरगा केटल तळ्यावर चालत गेला. तुला तो हाडाच्या मुठीचा चाकू मिळाला. मला पाठ शेकायला गरम पाण्याची पिशवी मिळाली, तीही ‘कुठे पडलीस गं’ असं विचारून. मी बोलले नाही. तू शाळेत सांगितलंस, मग कॉलेजात, मग गिर्यारोहणाचं सामान विकणाऱ्या दुकानात त्याच जोरावर नोकरीला लागलास, आणि आता छापलंस. एक्केचाळीस वर्षं मी गप्प होते. हरकत नव्हती माझी. पण तुझी ती झोप आता लोक ‘सोपी वाट’ म्हणून विकत घेताहेत, आणि आई त्यापायी बाबांचा फोटो भिंतीकडे करून बसलीय.

तर मागच्या मंगळवारी मी तिला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. मला वाटलं आता फोटो सरळ होईल. झाला, पण लगेच नाही. तिने हातातली शेंग न सोलताच भांड्यात टाकली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे उचलून नेता येत होतं.’’

 वाट अवघड होती हे खरं. पण बाबांना तो एक दिवस मोकळा हवा असायचा हेही खरं असेल, आणि मला बाबा एकटीला मिळायचे ते सोडायचे नव्हते, हे तर नक्कीच खरं. आपल्यापैकी कोणी एकदाही म्हटलं नाही की आज आईला घेऊ.

तेव्हा पुस्तक तू दुरुस्त करशीलच, त्यासाठी मी एवढा कागद खर्च केला नाही. ऑगस्टचा तिसरा शनिवार. तोवर डास गेलेले असतात, ओढा उतरलेला असतो. पहाटे पाचला दुकानापाशी हजर हो. डेल खेचर घेऊन येईल, ओढ्यापर्यंत ती त्यावर. पुढे मी नेलं असतं, पण हिवाळ्यात बर्फावर पडून माझ्या गुडघ्यात जो खिळा बसवलाय तो माझंच वजन कसंबसं पेलतो. दुकानात पोती तोलायचा काटा आहे, त्यावर तिला उभं केलं. बुटांसकट एकशे चार पौंड. तू दर रविवारी व्यायामशाळेत याहून जास्त उचलतोस असं तूच सांगत असतोस. तिची गळाची काठी मी घेईन. चढावर ती झोपली तर झोपू दे, हलवू नकोस. शेवटच्या मोठ्या खडकाआड मात्र तिला उतरव आणि पुढचं तिचं तिला जाऊ दे. खाली आल्यावर ती सगळ्यांना सांगेल की मी चालत गेले. तू काही बोलायचं नाहीस.

तुझीच, पाठ अजून दुखणारी,
रोंडा